दक्षिणेकडच्या खिडक्या

काका गेले त्याच आठवड्यात चर्चच्या मागची साबणाची फॅक्टरी पाडायला सुरुवात झाली. मावशीच्या डोक्यात या दोन गोष्टी तेव्हापासून एकमेकींत अडकून बसल्या आहेत. काकांना जाऊन किती वर्षं झाली असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "फॅक्टरी पाडली ना, तेव्हा." आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचं काम कधी सुरू झालं असं विचारलं तर म्हणते, "हे गेले त्या सुमाराला." दोन्ही वाक्यं ती एकाच आवाजात बोलते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. त्या जुन्या दगडी चर्चची देखभाल तिच्याकडे होती. तिच्याआधी ती माझ्या आजोबांकडे होती. सकाळी दार उघडायचं, झाडलोट करायची, बाक पुसायचे, सांडलेलं मेण खरवडायचं, वेदीवरची फुलं बदलायची, घंटेचा दोर ओढायचा आणि संध्याकाळची प्रार्थना आटोपली की कडीकुलुपं बघायची. फादर येत, काही वर्षं राहत, बदली होऊन जात. मावशी तिथंच. तिच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असायचा की काका तिला 'साहेब' म्हणत. घरात कुणी जास्तीची साखर जरी मागितली तरी ते म्हणायचे, "आधी साहेबांची परवानगी काढा."

काका सुतार होते. चर्चचे बाक दुरुस्त करायला म्हणून आले आणि त्या कामाला त्यांनी इतका वेळ लावला की शेवटी आजोबांना शंका आली. "बाक दुरुस्त करतोयस की झाड लावून ते वाढायची वाट बघतोयस?" असं त्यांनी विचारलं म्हणे. काकांनी मान खाली घातली, आणि महिन्याभरात लग्न ठरलं. चर्चच्या पाठीला चिकटून दोन खोल्या आहेत. आजोबांचा संसार तिथं झाला, मग मावशीचाही तिथंच झाला. तिची एकुलती एक मुलगी तिथंच वाढली. ती माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते.

चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीत रंगीत काचांच्या पाच उंच खिडक्या आहेत. एकीत जाळं ओढणारे कोळी, एकीत विहिरीवरची बाई, एकीत मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, एकीत लग्नघरातले पाण्याचे रांजण. पाचवीत नुसती बाग आहे, माणूस कुणी नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं की काच करणारा तिथपर्यंत येऊन दमला असणार. मागे फॅक्टरीचं बैठं छप्पर होतं, त्यामुळे सूर्याला कसली आडकाठी नव्हती. दिवसभर त्या खिडक्यांचे रंग फरशीवरून सरकत राहायचे. कोळ्याच्या सदऱ्याचा लाल रंग मधल्या वाटेवर आला की मावशी हातातलं फडकं ठेवून स्वयंपाकाला लागायची. आभाळ भरलेलं असलं तर काकांना हमखास उशिरा जेवायला मिळायचं आणि ते देवाकडे तक्रार करायचे, म्हणजे चर्चकडे तोंड करून मोठ्याने पोट भरत नसल्याचं सांगायचे.

ते काका फुप्फुसाच्या आजाराने गेले. आजारपण लांबलं होतं, त्यामुळे अचानक झालं असं कुणाला म्हणता आलं नाही. मिस्साची प्रार्थना झाली, चर्चच्याच आवारात त्यांना पुरलं, लोक पांगले. मी मावशीला शोधत आत गेले तर ती केरसुणी घेऊन बाकांखालच्या पाकळ्या गोळा करत होती. "अगं, आज राहू दे," मी म्हटलं. ती म्हणाली, "पाकळ्या चिकटल्या की डाग पडतो."

ती रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, महिन्याने नाही. माझी आई तिच्याजवळ बसून स्वतःच रडायची आणि मावशी तिला पाणी आणून द्यायची. एकदा आईने विचारलंच, "तुला होतंय तरी काय?" मावशी म्हणाली, "काही होत नाहीये. दात काढायच्या आधी सुई देतात, मग गाल आपला वाटत नाही. तसं आहे. उतरेल."

ते उतरलं नाही. दरम्यान मागे फॅक्टरीची जागा सपाट झाली, पत्र्याचं कुंपण पडलं आणि जमिनीत खांब ठोकणारं यंत्र आलं. त्या यंत्राचा ठोका कानाला नंतर कळायचा, आधी पायांना कळायचा. दारातल्या पवित्र पाण्याच्या पात्रात वर्तुळं उठायची. वेदीच्या वरच्या कमानीतून चुन्याची पूड पडायची. मावशी सकाळी बाक पुसायची आणि दुपारी त्यांच्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असायची. ती पुन्हा पुसायची. वैतागायची नाही. फादर म्हणाले, "राहू द्या आता, काम चालू आहे तोवर धूळ असणारच." तिने मान हलवली आणि पुसतच राहिली.

उत्तरेच्या भिंतीला एक भेग होती, आजोबांच्या वेळची. ती लांबायला लागली. मग बिल्डरकडून एक माणूस यायला लागला. भेगेवर त्याने काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे भेग रुंदावली की पट्टी तडकणार. भिंतीवर ठिकठिकाणी चकचकीत टिकल्या लावल्या. आवारात तिपाई मांडून तो दुर्बिणीतून त्या टिकल्या बघायचा आणि आकडे मांडायचा. आम्ही त्याला तिपाईवालाच म्हणायचो. सरळ माणूस होता. मावशी त्याला चहा द्यायची आणि तो तिला भिंत या आठवड्यात कशी आहे ते सांगायचा, शेजारच्या आजाऱ्याची खबर द्यावी तसा.

याच सुमाराला ताईची नोकरी सुटली. ती एका प्रवासी कंपनीत होती, ती कंपनी बंद पडली. टॉवरवाल्यांनी रस्त्यापलीकडे विक्रीचं ऑफिस थाटलं होतं, तिथं नीट बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. ताईला काम मिळालं. तिने ते घरी सांगितलं तेव्हा मी तिथं जेवायला बसले होते.

"आई, तुला चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

"लोक बोलतील."

"बोलू देत," मावशी म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मी एकदा ते ऑफिस बघून आले. मधोमध काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल होतं, माझ्या खांद्याएवढं. त्याच्या पायथ्याशी आमचं चर्च, साबणाच्या वडीएवढं. त्याच्या खिडक्यांत बारके दिवेही लावले होते. ताई गिऱ्हाइकाला बटण दाबून ते दिवे लावून दाखवायची आणि म्हणायची, "या बाजूच्या सगळ्या फ्लॅटना ऐतिहासिक चर्चचा व्ह्यू आहे. समोर कधीच काही बांधलं जाणार नाही, कारण ते पाडता येत नाही." हे ती छान म्हणायची. तिचा आवाज आमच्या आजोबांसारखा भरदार आहे.

चर्चच्या कमिटीने टॉवरच्या उंचीला हरकत घेतली. कमिटीच्या प्रमुख म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी गल्ली त्यांना बाई म्हणते. बाईंनी जुने फोटो जमवले, वकील केला, सह्या घेतल्या. नगरपालिकेत सुनावणी लागली. रोज त्या जागेत वावरणारं माणूस म्हणून मावशीने बोलावं असं ठरलं. बाई तिला म्हणाल्या, "तू घाबरू नकोस. पाठ करून काही यायचं नाही. उजेड जाणार म्हटल्यावर तुला काय वाटतं, तेवढं सांग. तुझ्या तोंडून आलं की लोकांना पटेल."

मावशी इस्त्रीची साडी नेसून आली. सभागृहात पंखे फिरत होते, समोर तीन अधिकारी बसले होते. मी तिच्या मागच्या खुर्चीवर होते, त्यामुळे मला तिचा अंबाडा आणि पाठ तेवढी दिसत होती. आमच्या वकिलाने तिला खिडक्यांबद्दल विचारलं. तिने कुठल्या खिडकीत काय आहे ते सांगितलं आणि थांबली. वकील वाट बघत राहिला. मग बिल्डरचा वकील उठला. मऊ बोलणारा, अदबीचा माणूस होता.

"चर्चमध्ये विजेचे दिवे आहेत का, मावशी?"

"आहेत."

"संध्याकाळची प्रार्थना त्यावरच होते?"

"हो."

"लोकांना पुस्तकातलं वाचता येतं?"

"येतं."

"मग दिवसा ऊन थोडं कमी आलं, तर नेमकी अडचण काय होईल?"

मावशी विचार करायला लागली. खरोखर विचार करत होती ती, मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. मग मावशी म्हणाली, "अडचण काही नाही."

वकिलाने आभार मानले आणि तो बसला. शेवटी बोलताना त्याने ते वाक्य पुन्हा उचललं. चर्चची देखभाल करणाऱ्या मावशींनीच सांगितलंय, म्हणाला, अडचण काही नाही. तिच्या एका वाक्यावर निकाल फिरला असं मला वाटत नाही. टॉवरचे सगळे कागद आधीच पक्के होते. पण निकाल विरुद्ध गेला, आणि गेलेल्या गोष्टीला कुणाचा तरी चेहरा लागतो. लोकांना मावशीचा मिळाला.

पायऱ्यांवर बाई तिला म्हणाल्या, "मी तुला दुसरं काही सांगितलं नव्हतं. फक्त काय वाटतं ते सांग म्हटलं होतं."

"तेच सांगितलं, बाई."

त्या दिवसापासून बाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. रविवारी दारात भेटल्या की बाई शेजारणीशी बोलत आत जायच्या. आणखी दोन-चार जणींनीही तोंड फिरवलं. मुलीला नोकरी दिली ना त्यांनी, असंही कुणीतरी म्हणालं. ते फिरत फिरत मावशीच्या कानावर आलं. तिने ऐकून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं होतं, "मावशी, असं का म्हणालीस?"

"त्यांनी अडचण विचारली. अडचण काय असणार, दिवा लावायचा." थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुसरं काहीतरी होतं. जिभेवर येणार असं वाटलं आणि गेलं. शिंक जाते ना, तशी."

टॉवर वाढत गेला. ते एखाद्या दिवशी झालं असं सांगता येत नाही. आधी सकाळचं ऊन उशिरा यायला लागलं. मग रांजणांचा पिवळा फरशीवर पोचेना, मग मेंढपाळ विझला, मग विहिरीवरची बाई. कोळ्याचा लाल रंग सगळ्यात जास्त टिकला, कारण त्या टोकाला टॉवर आणि त्याच्या शेजारची पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक फट होती. मग टाकीही वाढवली. मावशीने भिंतीवर घड्याळ टांगलं आणि ते बघून स्वयंपाक करायला लागली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकीही त्याच बाजूला, तिथं भर दुपारी ट्यूबलाइट लागायची.

टॉवरला काचा बसल्यावर उलटीच गंमत झाली. संध्याकाळी सूर्य टॉवरच्या काचांवर आपटून तिकडून परत यायचा, आणि जिथं कधी ऊन पडलं नव्हतं अशा कोपऱ्यात पांढराफेक झोत पडायचा. थेट वेदीवर. फादरना प्रार्थना म्हणताना एक डोळा मिटून घ्यावा लागायचा. लोक म्हणायचे, फादर आपल्याला डोळा मारतात. वेदीवरचं जांभळं कापड वर्षभरात करड्या रंगाचं झालं. मावशीने ते उलटं करून घातलं.

आवारातही फरक पडला. काकांच्या दगडाजवळ तिने शेवंती लावली होती, ती नुसतीच उंच वाढली, फुलली नाही. गवत गेलं आणि शेवाळ आलं. तिने शेवंती उपटून सावलीत जगणारी झाडं आणून लावली. मी म्हटलं, "काकांना शेवंती आवडायची ना?" ती म्हणाली, "आवडायची. पण येत नाही आता." आणि हाताची माती झटकून उठली.

सगळ्यात वाईट वारा होता. उंच भिंतीवर आदळलेला वारा खालीच उतरणार, जाणार कुठं, असं तिपाईवाल्याने सांगितलं होतं. तो चर्चच्या मोठ्या दारासमोर येऊन फिरायचा. आतल्या मेणबत्त्या टिकायच्या नाहीत. म्हाताऱ्यांना दोघा-दोघांनी धरून आत आणावं लागायचं. एका शनिवारी दुपारी मावशी दार लावून घेत होती. तेवढ्यात वाऱ्याने ते जड लाकडी दार तिच्या हातातून ओढलं आणि आपटलं. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं फटीत सापडली.

तिपाईवाला आवारातच होता. तो म्हणाला, आवाज आला तो दाराचा, तिचा नाही. तो धावत आला तेव्हा ती पायरीवर बसून हाताकडे बघत होती, जसं कुणी दुसऱ्याची राहिलेली वस्तू बघतं. त्याने रुमाल गुंडाळला, गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं आणि तिथून मला फोन केला.

हॉस्पिटल तेच होतं, जिथं काका गेले. मावशी अपघात विभागातल्या बाकावर बसली होती, हात मांडीवर. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने हळूच रुमाल सोडला आणि विचारलं, "दुखतंय का?"

मला वाटलं, मावशी नाही म्हणणार. काका गेल्यापासून कुणीही काहीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर असायचं, ठीक आहे. पण ती म्हणाली, "हो. दुखतंय."

"खूप?"

"खूप."

टाके घालून झाल्यावर आम्ही बाहेर बसलो तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "दुखतंय गं." तक्रारीचा सूर नव्हता. बाहेर पाऊस पडतोय असं कुणी सांगावं तसं सांगितलं. मी तिच्या दुसऱ्या हातावर हात ठेवला. तो गार होता.

तेवढ्यात ताई आली. ऑफिसच्या कपड्यांत, कोटावर नावाची पट्टी, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने बँडेज बघितलं आणि समोरच उभी राहिली, बसली नाही.

"आई, तू माझ्यावर ओरड."

"का?"

"मी विकते ते फ्लॅट. चर्च दिसतं म्हणून विकते. उजेडाचं, वाऱ्याचं, सगळं मला माहीत होतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की कुणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं."

"तू नसतीस तर दुसरीने विकले असते."

"सगळे हेच म्हणतात. मीही स्वतःला हेच सांगते. तू नको म्हणूस." ताईचा आवाज चढला तसा समोरचा वॉर्डबॉय वळून बघायला लागला. तिने आवाज उतरवला. "बाबा असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. निदान तेवढं तरी कर."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी द्यायचं होतं आणि तिच्यापाशी ते नव्हतं, एवढं मला दिसलं. शेवटी ती म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

ताई भिंतीला टेकली आणि रडायला लागली. मावशीने डाव्या हाताने तिची पर्स ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली, पडू नये म्हणून. बराच वेळ तशीच धरून बसली.

बोटं बरी झाली, पण वाकेनाशी झाली. घंटेचा दोर ओढणं तिला जमेना. तसंही घंटेचं फार काही उरलं नव्हतं. टॉवरमध्ये लोक राहायला आले होते आणि सकाळच्या घंटेने झोपमोड होते अशी तक्रार त्यांनी केली होती. फादरनी तडजोड केली. रोजची घंटा बंद, फक्त रविवारी, तीही थोडकी. रविवारी फादर स्वतः ओढायचे.

मग उत्तरेच्या भिंतीवरच्या काचेच्या पट्ट्या तडकल्या. एकीपाठोपाठ सगळ्या. तिपाईवाल्याने त्याच दिवशी वर कळवलं. लोकांना आत जायला मनाई झाली. भिंतीला बाहेरून लोखंडी टेकू लावले, पायात सिमेंट भरलं, खर्च टॉवरवाल्यांनी केला. तोवर रविवारची प्रार्थना शाळेच्या हॉलमध्ये व्हायची, घसरगुंडीच्या शेजारी. बाई पहिल्या रांगेत बसायच्या आणि मावशी शेवटच्या.

त्या काही महिन्यांत ताईने ऑफिसात एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. साहेबांना भेटली, त्यांच्या वरच्या साहेबांना भेटली. चर्च पुन्हा उघडायच्या आधी तिने मंजुरी मिळवली. दक्षिणेकडच्या पाचही खिडक्यांना बाहेरून चौकटी बसल्या, त्यांत दिवे. बटण आतल्या खोलीत. म्हणजे बाहेर उजेड असो-नसो, खिडक्या उजळणार. आईला सांगू नका असं तिने आम्हाला बजावलं होतं.

चर्च उघडलं त्या रविवारी सगळे आले. टॉवरमधले काही लोकही उतरून आले, नवे कपडे घालून. फादरनी दोन शब्द बोलून बटण दाबायला मावशीलाच बोलावलं. बाईंनीही मान वळवून बघितलं. मावशीने डाव्या हाताने बटण दाबलं.

खिडक्या उजळल्या. कोळी, बाई, मेंढपाळ, रांजण, बाग. इतके लख्ख की मी कधी न पाहिलेल्या गोष्टी दिसल्या. विहिरीवरच्या बाईच्या पायाशी एक छोटं कुत्रं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई माझ्या शेजारी उभी होती. ती आधी खिडक्यांकडे बघत होती, मग तिने खाली बघितलं, फरशीकडे. मीही बघितलं. फरशी करडीच होती. दिव्यांचा उजेड काचेपर्यंत आला होता, काच पार करून खाली उतरला नव्हता. ताईने ओठ दाबून धरले.

मावशी आमच्याजवळ आली. ताईने विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान आहे," मावशी म्हणाली. "पुष्कळ धावपळ केलीस."

नंतर टॉवरमधला एक निवृत्त गृहस्थ तिला येऊन म्हणाला की आपण बाराव्या मजल्यावर राहतो, रोज वरून चर्च बघतो, आत मात्र आज प्रथमच आलो. खिडक्या अप्रतिम आहेत. पूर्वीही अशाच दिसायच्या का?

मावशीने खिडक्यांकडे वळून बघितलं. "वेगळ्या दिसायच्या," ती म्हणाली. "कशा ते सांगता येणार नाही मला." त्याने नम्रपणे मान हलवली. बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं असावं, कारण जाताना त्या थांबल्या आणि मावशीला म्हणाल्या, "हात कसा आहे?" मावशी म्हणाली, "बरा आहे." तेवढंच झालं. पण तेव्हापासून त्या बोलायला लागल्या.

वर्षभर मावशीने ते बटण रोज दाबलं. मग गुडघे गेले, आणि वाकड्या बोटांनी किल्ल्या फिरवणं कठीण झालं. देखभालीसाठी एका एजन्सीचा माणूस आला. तो टॉवरच्या दारावरही आळीपाळीने असतो, गणवेश तोच. मावशी गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे राहायला गेली. ताई अजून त्याच कंपनीत आहे, दुसऱ्या टॉवरवर. तिथं शेजारी काही जुनं नाही, असं तिनेच एकदा मला सांगितलं.

दर गुरुवारी मावशी माझ्याकडे येते. आम्ही फारसं बोलत नाही. मागच्या खेपेला ती मटार सोलायला बसली होती. डाव्या हाताने शेंग धरायची, उजव्या अंगठ्याने उघडायची. मध्येच तिने आपणहून विषय काढला.

"घर सोडलं त्या दिवशीची गंमत तुला सांगितली का मी?"

"नाही."

"यांनी केलेलं ते मोठं कपाट. हमाल आले आणि ते दारातून जाईना. उभं नाही, आडवं नाही. खोलीत बसूनच केलं होतं ना त्यांनी. हमाल म्हणाले, कापावं लागेल."

"मग?"

"ठेवून आले. त्या एजन्सीच्या माणसाचे कपडे असतात आता त्यात." तिने दाणे भांड्यात सोडले. "केलं तेव्हा मी म्हटलं होतं, अहो, दाराचं माप तरी घ्यायचं. तर म्हणाले, घेतलंय. मुद्दामच मोठं केलंय. आता तू इथून हलूच शकत नाहीस."

तिने पुढची शेंग उचलली.

"हलले की," मावशी म्हणाली. मग शेंग किडकी निघाली म्हणून ती बाजूला ठेवली, आणि विचारलं की एवढे मटार पुरतील का, की आणखी सोलू.